आजचं चिंतन : व्यंकटी म्हणजे कोण?



शाळेत रोज पसायदान म्हणायचो. तेव्हा माझी पक्की समजूत होती की व्यंकटी नावाचा कुणीतरी दुष्ट माणूस आहे आणि तो कुठेतरी सांडणार आहे. हसू नका, तुमच्यापैकीही कुणाला असंच वाटलं असेल!

काल पुन्हा वाचताना ठरवलं, लगेच मोबाइलवर अर्थ शोधायचा नाही. आधी शब्दाच्या शेजाऱ्यांना विचारायचं. पहिला शेजारी ‘खळ’, म्हणजे दुष्ट. त्याला जोडलेला ‘ची’ सांगतो की व्यंकटी हा माणूसच नाही, ती दुष्टांकडे असलेली एक गोष्ट आहे. ‘सांडणे’ म्हणजे गळून पडणे, सुटणे. आणि लगेच पुढे माउली मागतात, की त्यांना सत्कर्माची गोडी लागो. हे ‘ते’ कोण? तेच खळ! म्हणजे माणसं जागेवरच आहेत, गळून पडलंय ते वेगळंच काही. मग कोश उघडला. व्यंकटी म्हणजे वाकडेपणा.

आणि मी थांबलो. कारण गेले दोन महिने मी देवाला मागत होतो की ऑफिसमधल्या एका माणसाची माझ्या टीममधून बदली होऊ दे. त्याने सगळ्यांसमोर माझा अपमान केला होता. माझ्या प्रार्थनेत माणूसच सांडत होता, वाकडेपणा नाही.

हे मागणं कुणाचं, तेही बघा. संन्याशाची पोरं म्हणून ज्या भावंडांना समाजाने वाळीत टाकलं, असं परंपरा सांगते, त्यांच्यातला हा एक. 1290 साली ज्ञानेश्वरी पूर्ण करताना तो छळणाऱ्यांसाठी शिक्षा मागत नाही. हा संदर्भ कळला की तो एक शब्द किती जड होतो!

मग प्रश्न पडतो, शब्दासाठी आपण आजूबाजूच्या ओळी वाचतो, तर माणसासाठी का नाही? एका वाक्यावरून, एका स्क्रीनशॉटवरून त्याचा अर्थ ठरवून मोकळे होतो. मागचं-पुढचं वाचल्याने चूक बरोबर ठरत नाही. ‘खळ’ शब्द माउलींनी खोडलेला नाही. चुकीला चूक म्हणायचंच. पण माणूस आणि त्याचा वाकडेपणा वेगळे करता येतात.

एक सावधानता मात्र हवी. संदर्भातून आपल्या सोयीचाही अर्थ काढता येतो. म्हणून कोश शेवटी उघडायचाच, आणि माणसाच्या बाबतीत त्यालाच विचारायचं.

आज प्रार्थना बदलली. त्याचा वाकडेपणा जावो. आणि देवा, कुणाच्या तरी गोष्टीत खळ मीच असेन, तर माझाही.

माउली माउली!