आधी नाम, मग गुण

मराठीत आपण 'चांगला घोडा' म्हणतो. हिब्रूत घोडा आधी येतो आणि चांगुलपणा मागून: सूस तोव. घोडी असेल तर सूसा तोवा, पुष्कळ घोडे असतील तर सूसीम तोवीम, घोड्या असतील तर सूसोत तोवोत. लिंगवचनाप्रमाणे विशेषण बदलण्याची आपल्याला सवय आहेच. हिब्रूत त्यात निश्चितताही जुळवावी लागते. ठरावीक घोड्याबद्दल बोलताना नामाला 'हा' हे उपपद जोडतात आणि तेच विशेषणालाही लावतात: हा-सूस हा-तोव, म्हणजे 'तो चांगला घोडा'. दुसरं उपपद गाळलं, तर 'हा-सूस तोव' हे पूर्ण वाक्यच होतं: तो घोडा चांगला आहे. इथे 'आहे'साठी वेगळं क्रियापद लागत नाही.

सरावाचा कस लागतो तो फसव्या नामांपाशी. शाना म्हणजे वर्ष, स्त्रीलिंगी. नववर्षाला ज्यू लोक एकमेकांना 'शाना तोवा' म्हणतात. अनेकवचन शानीम हे पुल्लिंगी रूपासारखं दिसतं, विशेषण मात्र स्त्रीलिंगीच राहतं: शानीम तोवोत. उलट लायला, म्हणजे रात्र, ऐकायला स्त्रीलिंगी, पण शब्द पुल्लिंगी. म्हणून निरोप घेताना 'लायला तोव', आणि अनेकवचनात लेलोत तोवीम. कानाला यमक हवं असतं. विशेषण ते देत नाही, कारण ते नामाच्या शेवटाकडे न पाहता त्याच्या लिंगाकडे पाहतं.

मला हा सराव फार मोलाचा वाटतो. 'आळशी मुलगा', 'हट्टी बाई' असं म्हणताना आपल्या जिभेवर गुण आधी येतो, माणूस नंतर. इथे आधी कोण ते उच्चारायचं, ते नाम आतून कसं आहे हे ठाऊक असायला हवं, आणि मगच त्याच्याविषयी काही बोलायचं. नाम ओळखीचं नसेल तर साधं 'चांगलं'सुद्धा नीट म्हणता येत नाही.

मराठीतून हिब्रू व्याकरण शिकवण्याचा प्रयत्न जुना आहे. जॉन विल्सन या स्कॉटिश मिशनऱ्यांनी बेने इस्रायल या मराठीभाषक ज्यू समाजासाठी लिहिलेलं हिब्रू व्याकरण मुंबईत 1832 साली निघालं.

आज कुणी शिकू लागलं तर नाम एकटं पाठ करू नये, विशेषणासकट मोठ्यानं म्हणावं. सुरुवात स्वतःच्या शरीरापासून करावी. हात, पाय, डोळे ही नामं हिब्रूत स्त्रीलिंगी आहेत, पण एकाच्याही शेवटात तशी खूण नाही. जोडीच्या अवयवांना द्विवचनाचं रूप असतं, विशेषणाला ते नाही. म्हणून मोठे डोळे म्हणजे एनायीम गदोलोत.