दुरुस्त झाली कीं दुरुस्त केली?

बिघडलेली वस्तु पुन्हा चालूं लागली, म्हणजे ती ज्याच्या हातांत असतां चालूं लागली त्यानेंच ती दुरुस्त केली, असें आपण सर्रास म्हणतों. वैद्याच्या औषधाविषयीं, मांत्रिकाच्या अंगाऱ्याविषयीं आणि सरकारच्या धोरणाविषयींही आपला न्याय बहुधा हाच असतो. यांतील तर्कदोष आम्ही गेलीं सत्तावीस वर्षें वर्गांत शिकवीत आलों आहों. कावळा बसला आणि फांदी मोडली, एवढ्यावरून कावळ्याच्या भारानें फांदी मोडली असें ठरत नाहीं, हा काकतालीय न्याय फळ्यावर लिहिल्यावांचून आमचें एकही वर्ष गेलेलें नाहीं. तथापि या दोषाला तर्काप्रमाणेंच नीतीचीही एक बाजू आहे, हें आमच्या ध्यानांत आलें तें वर्गांत नव्हे. घरामागच्या अंगणांत एका जुन्या स्कूटरपुढें उकिडवे बसलों असतां.

१९७२ सालीं आलेल्या आणि पुण्याजवळ आकुर्डीस तयार होणाऱ्या चेतकनें ज्या पिढीला घरच्या घरीं प्लग साफ करावयास शिकविलें, त्या पिढीचीं आम्ही मुलें. आमची गाडी निराळी, पण इंजिन त्याच टू-स्ट्रोक जातीचें. अशा इंजिनाची मागणी फार नाहीं : पेट्रोल, ठिणगी आणि दाब. पेट्रोल चढविण्यास पंप नसतो. आसनाखालच्या टाकींतून तें केवळ आपल्या वजनानें कार्ब्युरेटरमध्यें उतरतें. तेल पेट्रोलांतच मिसळावयाचें, लिटरास वीस मिलिलिटर या बेतानें. आणि तें जळून प्लगावर काजळी धरते. म्हणून गाडी अडली कीं पहिला हात प्लगाला, ही जी रूढि पडली ती निराधार नव्हे. प्लग ओला निघाला तर पेट्रोल येत आहे, ठिणगी पडत नसावी. कोरडा निघाला तर पेट्रोलच येत नसावें, एवढें अनुमान शाळकरी मुलालाही करतां यावें.

आमची गाडी दहाबारा किलोमीटर गेली कीं बंद पडे. पंधरा मिनिटें उभी केली म्हणजे जणूं कांहीं झालेंच नाहीं अशा रीतीनें पुन्हा सुरू होई. इंजिन तापतें आणि निवतें, असा सिद्धांत आम्हीं तत्काळ बसविला. तो इतका सुबक बसला कीं तो तपासावा असें मनांतही आलें नाहीं. जवळच्या मेकॅनिकनें कार्ब्युरेटर उघडून धुतला आणि तीनशें रुपये घेतले. आठ दिवस गाडी चालली आणि नवव्या दिवशीं पुन्हा अडली. त्या आठ दिवसांत आमचा पल्ला घर ते कॉलेज एवढाच, म्हणजे तीनचार किलोमीटरांचा होता, ही गोष्ट आम्ही सोयीस्करपणें विसरलों आणि अध्यापकांच्या खोलींत हल्लींच्या कारागिरांच्या लबाडीवर बरेंच बोललों. त्याचें दुकान कोणतें, हेंही सांगितलें.

पुढच्या रविवारीं गाडी घरापाशींच येऊन अडली तेव्हां आम्हीं स्वतः हात घातला. प्लग काढला, तो कोरडा होता. तरीही काचकागदानें घांसला, टोकांमधील अंतर ०.६ मिलिमीटर जुळविलें. मग जेट काढून फुंकलें. टाकींत पेट्रोल आहे ना, हें पाहण्यासाठीं झांकण उघडलें आणि अर्धा लिटर वर ओतलें. दुसऱ्याच किकला गाडी सुरू झाली! त्या दिवशीं आम्हांस जो आनंद झाला तो पीएच. डी. मिळाली तेव्हांही झाला नव्हता. काळे हात घेऊन आम्हीं दोनदां चहा मागितला. मिलनें १८४३ सालच्या आपल्या तर्कशास्त्राच्या ग्रंथांत व्यतिरेकाची पद्धति सांगितली आहे : दोन प्रसंगांत एकाच गोष्टीचा फरक असेल तरच त्या गोष्टीकडे कारणत्व जातें. आम्हीं चार गोष्टी एकदम बदलल्या, आणि श्रेय मात्र प्लगाला, म्हणजे पर्यायानें स्वतःला दिलें.

येथवर झालें तें हंसण्यावारी नेतां आलें असतें. परंतु त्याच आठवड्यांत आमचा पुतण्या नव्या सुनेला घेऊन जेजुरीस निघाला. त्याची गाडी दुरुस्तीस गेलेली होती. "काका, तुमची रस्त्यांत दगा नाहीं ना देणार?" त्यानें विचारलें. आम्हीं म्हटलें, "खुशाल ने. आम्हीं स्वतः दुरुस्त केली आहे." चढावर पेट्रोल जास्त लागतें, दिवे घाटाच्या मध्यावर गाडी बंद पडली. एका बाजूस डोंगर, दुसऱ्या बाजूस दरी, मागून भोंगे वाजवीत येणारे ट्रक, आणि अंगावर हळदीची साडी असलेली मुलगी गाडी ढकलीत आहे, हें दृश्य आम्हीं पाहिलेलें नाहीं. पण तें डोळ्यांपुढून जातही नाहीं. पेट्रोल संपलें कीं काय म्हणून पुतण्यानें झांकण सैल केलें, तों आंत हवा शिरल्याचा 'सूं' असा आवाज झाला आणि गाडी सुरू झाली. पुढें दर पांचसहा किलोमीटरांवर झांकण उघडीत दोघें जेजुरीस जाऊन आलीं.

टाकीच्या झांकणाला टांचणीच्या टोकाएवढें भोंक असतें. पेट्रोल खालीं उतरेल तितकी हवा त्यांतून आंत यावयाची. ती न आली तर टाकींत पोकळी होऊन पेट्रोलचा ओघ थांबतो. उभी ठेवली कीं कोठून तरी हळूहळू हवा शिरते आणि ओघ पुन्हा सुरू होतो. तापण्यानिवण्याचा यांत कांहीं संबंध नव्हता. आमच्या झांकणाचें भोंक बुजलें होतें, आणि तें बुजविणारेही आम्हीच. पावसाळ्यांत पेट्रोलचा वास येतो म्हणून सायकलच्या जुन्या ट्यूबची चकती कापून आम्हीं झांकणाखालीं बसविली होती आणि तिला मध्यें भोंक ठेवण्याचें विसरलों होतों. हीही आमची दुरुस्तीच!

आतां प्रश्न असा कीं, आम्ही पुतण्याशीं खोटें बोललों काय? मनांत एक आणि ओठांवर एक, असें तर कांहीं नव्हतें. क्लिफर्ड या इंग्रज गणितज्ञानें १८७७ सालच्या एका निबंधांत एका जहाजमालकाचें उदाहरण घेतलें आहे. जुनें जहाज समुद्रावर धाडतांना त्याला शंका येतात. त्या तो दाबून टाकतो आणि शुद्ध मनानें प्रवाशांना निरोप देतो. जहाज बुडालें तर तो दोषी खराच. पण सुखरूप परत आलें असतें तरीही तो तितकाच दोषी, असें क्लिफर्डचें म्हणणें. हें वाचून आम्हांस पूर्वीं वाटे कीं आपण त्या मालकाहून बरे, कारण आपण शंका दाबीत नाहीं. आतां तितकी खात्री वाटत नाहीं. आमच्या मनांत शंका उठलीच नाहीं हें खरें. पण कोरडा प्लग बोटांत धरून बसलेल्या माणसाच्या मनांत ती उठावयास हवी होती. यशाच्या आनंदानें तिला जागाच ठेविली नाहीं. एकट्यानें अशा अंदाजावर गाडी चालवावी, अडली तर ढकलावी. त्याला कोणाची हरकत नसावी. परंतु "आम्हीं दुरुस्त केली आहे" हें वाक्य बोलतांच तो अंदाज दुसऱ्याच्या हवालीं होतो, आणि तो हमी म्हणूनच घेतला जातो. "चालूं लागली आहे, कां तें कळलेलें नाहीं," एवढें म्हणण्यास आम्हांस काय जड होतें? जड होतें तें हेंच, कीं त्यांत आमचें कर्तृत्व नव्हतें.

त्या मेकॅनिककडे जाऊन आम्हीं चकतीची हकीकत सांगितली. तो हंसेल अशी अपेक्षा होती. तो क्षणभर गप्प राहिला आणि म्हणाला, "सर, त्या दिवशीं मीही झांकण उघडून पेट्रोल घातलं, किक मारली, सुरू झाली. म्हटलं, कार्ब्युरेटरचंच काम होतं." मग गल्ल्यांतून तीनशें रुपये काढून त्यानें आमच्यापुढें धरले. कार्ब्युरेटर त्यानें खरोखरीच धुतला होता, श्रम खरे होते, म्हणून आम्हीं ते घेतले नाहींत. परंतु आपलें निदान चुकलें हें ओळखून तो पैसे परत करीत असतां आपण ते नाकारण्यांत त्याचा मान राखला कीं आपला, हें आम्हांस अजून ठरवितां आलेलें नाहीं.

अध्यापकांच्या खोलींत यांतील कांहींच आम्हीं अद्याप सांगितलेलें नाहीं. आमचें बोलणें ऐकून एका सहकाऱ्यानें आपली गाडी त्या दुकानांत नेण्याचें थांबविलें, असें कानांवर आलें आहे. दोन वेळां आम्हीं विषय काढण्यास तोंड उघडलें, आणि दोन्ही वेळां तास सुरू होण्याची वेळ झाली असें स्वतःस सांगून उठलों. हा अंक त्या खोलींतल्या टेबलावर येऊन पडण्यापूर्वीं तें बोलून टाकावें, असा विचार आहे.