नावापुरतं वजन

23 ऑगस्ट 1976 रोजी बोत्सवानानं स्वतःचं चलन सुरू केलं आणि त्याला नाव दिलं 'पुला'. तिथल्या सेत्स्वाना भाषेत पुला म्हणजे पाऊस. देशाचा बराचसा भाग कलहारीच्या वाळूचा. 1966 साली स्वातंत्र्य मिळालं तेव्हा ओळीनं काही वर्षं दुष्काळ पडलेला, गुरंढोरं गेलेली आणि जगातल्या अगदी गरीब देशांत गणना होत असलेली. पुला येईपर्यंत व्यवहार चालत ते शेजारच्या दक्षिण आफ्रिकेच्या रँडमध्ये. हे रँड नाव आलं विटवॉटर्सरँड या डोंगरकण्यावरून. 1886 मध्ये तिथं सोनं सापडलं आणि त्याच्या जिवावर जोहान्सबर्ग उभं राहिलं. म्हणजे शेजाऱ्याच्या पैशाला नाव सोन्याच्या खाणीचं. बोत्सवानालाही मिरवायला काही कमी नव्हतं. ओरापाला 1967 मध्येच हिरे सापडले होते. तरी राष्ट्राध्यक्ष सेरेत्से खामांच्या सरकारनं नाव पक्कं केलं ते पावसाचं. सुट्या नाण्याला म्हणाले थेबे, म्हणजे ढाल.

पुला हा शब्द तिथं नुसता हवामानाचा नाही. सभा संपताना लोक 'पुला!' असा गजर करतात, शुभ चिंतायचं तर हाच शब्द वापरतात आणि देशाच्या राजचिन्हावरही तोच कोरलेला आहे. मृगाची वाट पाहणाऱ्या शेतकऱ्याला हे नाव समजावून सांगावं लागणार नाही.

जगातल्या चलनांच्या नावांत मला हे सर्वांत सरळ वाटतं. पुला काहीच मोजून द्यायचं कबूल करत नाही. जुनी नावं मात्र बहुतेक तराजूवरून उतरलेली आहेत. पौंड हे वजन. इटलीचा आणि तुर्कस्तानचा लिरा म्हणजे रोमन लोकांचं लिब्रा, तेही वजन. ब्रिटिश पौंडाची खूण म्हणून आडवी रेघ मारलेला जो एल काढतात, तो याच लिब्राचा. पेसोचा अर्थ वजन, शेकेलचा अर्थ वजन, जर्मनीचा मार्क वजन, थायलंडचा बाहत वजन. रशियात तर चांदीची कांब तोडून द्यायचे, म्हणून तोडणं या क्रियापदावरून रूबल. नाव हीच हमी होती: एवढी चांदी आहे, हवी तर तोलून घ्या.

आणि नेमकी हीच हमी राजांनी मोडली. युरोपात सम्राट शार्लमेनच्या काळात एक पौंड चांदीतून 240 पेनी पाडायची रीत पडली आणि इंग्लंडनंही ती उचलली. पुढे 1540 च्या दशकात आठव्या हेन्रीनं नाण्यांत इतकं तांबं मिसळलं, की वापरता वापरता वरचा चांदीचा मुलामा आधी राजाच्या नाकावरून उडायचा. लोकांनी त्याला 'तांबडनाक्या' म्हणायला सुरुवात केली. पौंड हे नाव मात्र जागचं हललं नाही.

डॉलरचं तर घरच दुसरीकडे. आजच्या चेक प्रजासत्ताकात, जर्मनीच्या सीमेलगत, याखिमोव्ह नावाचं लहानसं गाव आहे. जर्मन लोक त्याला योआखिम्सताल म्हणत, संत योआखिमची दरी. हा योआखिम म्हणजे मेरीचा बाप, येशूचे आजोबा. 1516 मध्ये तिथं चांदीची शीर लागली आणि बघता बघता रानात हजारोंची वस्ती झाली. जमिनीचे मालक श्लिक घराण्यातले सरदार. त्यांनी 1520 च्या सुमारास ठसठशीत नाणी पाडायला घेतली. त्यांवर एका बाजूला संत योआखिम, दुसऱ्या बाजूला बोहेमियाचा सिंह. आपण जसं पैठणचं वस्त्र ते पैठणी म्हणतो, तसं या दरीचं नाणं ते 'योआखिम्सतालर'. एवढं लांबलचक नाव बाजारात कोण उच्चारत बसणार? त्याचं झालं तालर, डच तोंडी दाल्डर, इंग्रजी तोंडी डॉलर.

गंमत अशी, की अमेरिकेत हे नाव पोचलं तेव्हा ते स्पॅनिश नाण्याला चिकटलेलं होतं. मेक्सिको आणि पेरूच्या चांदीचे पेसो वसाहतींत खेळत होते आणि इंग्रजी बोलणारे लोक त्यांना डॉलर म्हणत. ब्रिटनशी फारकत घेतलेल्या अमेरिकेला पौंड नकोसाच होता. 1785 मध्ये काँग्रेसनं डॉलर स्वीकारला, 1792 च्या कायद्यानं त्यातली चांदी धान्याच्या दाण्याएवढ्या ग्रेन या मापात ठरवून दिली. 15 ऑगस्ट 1971 रोजी राष्ट्राध्यक्ष निक्सन यांनी डॉलरच्या बदल्यात सोनं देणं बंद केलं तेव्हा धातूशी उरलेलं शेवटचं नातंही संपलं. इकडे याखिमोव्हची चांदी केव्हाच आटली होती. ज्या काळ्या दगडाला तिथले खाणकामगार कुचकामी समजून फेकत, तो मागवून मारी आणि पिएर क्युरी यांनी 1898 मध्ये रेडियम शोधलं. दुसऱ्या महायुद्धानंतर त्याच खाणीत कम्युनिस्ट राजवटीनं राजकीय कैद्यांकडून युरेनियम उपसून घेतलं. डॉलरच्या जन्मगावाची ही पुढची हकीकत डॉलर मोजणाऱ्यांच्या कानी क्वचितच पडते.

वजन सुटलं की नाव किती लांब वाहत जातं, ते दिनारात दिसतं. रोमचा देनारियस चांदीचा. त्याचं नाव अरबांनी सोन्याच्या नाण्याला दिलं. आपल्याकडे गुप्तांच्या शिलालेखांतही सोन्याच्या नाण्याला 'दीनार' म्हटलेलं आहे. आज कुवेतचा एक दिनार जगातलं सर्वांत महागडं चलन आहे आणि सीमेपलीकडच्या इराकमध्ये एका डॉलरला हजारावर दिनार मोजावे लागतात. दोन्हीकडे नाव एकच, पूर्वज एकच. (कुवेतनं 1961 मध्ये दिनार आणला, त्याआधी तिथं आपल्या रिझर्व्ह बँकेनं काढलेला 'गल्फ रुपी' चालत असे.)

ग्रीकांच्या द्राख्माची कथा तर थेट चुलीपाशी जाते. मांस भाजायच्या लोखंडी सळया हाच तिथं एके काळी पैसा होता. सहा सळया मुठीत मावतात, म्हणून द्राख्मा म्हणजे मूठ. आर्गोसजवळच्या हेरादेवीच्या मंदिरात अशा सळयांचा जुडगा सापडला आहे. याच द्राख्माचा पश्चिम आशियात दिरहम झाला, आपल्याकडे द्रम्म झाला. भास्कराचार्यांनी 1150 मध्ये 'लीलावती' लिहिली, तिच्या सुरुवातीलाच नाण्यांचं कोष्टक आहे: वीस कवड्यांची काकिणी, चार काकिणींचा पण, सोळा पणांचा द्रम्म, सोळा द्रम्मांचा निष्क. पुढे द्रम्म झिजून दाम उरला आणि दामाची पोर दमडी. ग्रीस 2001 मध्ये युरोत गेला आणि 2002 मध्ये द्राख्मा त्याच्या घरातून उठला. आपल्या बोलण्यातला दाम अजून चालू आहे.

आता आपला रुपया. पाणिनीच्या व्याकरणात 'रूप्य' येतं ते ठसा उठवलेल्या नाण्यासाठी; रूप उमटवलेलं ते रूप्य. नंतर चांदीलाच रुपं म्हणू लागले. शेरशहा सूर यानं 1540 ते 1545 या आपल्या छोट्या कारकिर्दीत साडेअकरा ग्रॅमच्या आसपास चांदीचा रुपया रूढ केला आणि मुघलांनी तो पुढे चालवला. पेशवाईत तर अंकुशी, चांदवडी असे कितीतरी रुपये एकाच बाजारात फिरत. सराफ प्रत्येक रुपया पारखून घेई आणि हिणकस नाण्यावर बट्टा कापी. आज आपण घराण्याच्या नावाला लागला म्हणतो, तो हा पेढीवरचाच बट्टा.

1835 मध्ये कंपनी सरकारनं हा गोंधळ मोडला आणि 180 ग्रेनचा, म्हणजे बरोबर एक तोळ्याचा रुपया सगळ्या मुलखासाठी ठरवला. तेव्हापासून दुकानदाराकडे वजन नसलं तरी अडत नसे. रुपये पारड्यात टाकले की झालं. ऐंशी रुपयाभार म्हणजे शेर, हे त्या पिढीला तोंडपाठ होतं. त्या काळात आपला रुपया जेवढा काटेकोरपणे आपल्या नावाला जागला, तेवढा तो आधीही कधी जागला नव्हता आणि नंतरही नाही. 1940 मध्ये युद्धाच्या रेट्यात चांदी निम्म्यावर आली, 1947 मध्ये रुपया निकेलचा झाला, आता तो पोलादाचा आहे. शंभराच्या नोटेवर रिझर्व्ह बँकेचे गव्हर्नर धारकाला शंभर रुपये देण्याचं वचन देतात. नोट घेऊन कुणी गेलंच, तर मिळतील ते पुन्हा हेच रुपये. एक रुपयाच्या नोटेवर तेवढंही वचन नाही. ती भारत सरकारची, सही अर्थसचिवांची.

यात फसवणूक झाली असं मला वाटत नाही. आठव्या हेन्रीनं लपवून केलं, आपण उघड करतो. पण मग बोत्सवानानं जे पहिल्या दिवशी मान्य केलं ते बाकीच्यांनी शतकं घालवून मान्य केलं, एवढं म्हणावंच लागेल.

घरात आजीच्या पेटीत 1940 च्या आधीचा एखादा राणीछाप वा राजाछाप रुपया असेल तर सराफाकडे नेऊन काट्यावर ठेवून पाहा. फार झिजलेला नसेल तर साडेअकरा ग्रॅमच्या थोडा वरच भरेल. विकू मात्र नका.