चुकून

इंग्रजीत ‘मिस्टेक’ वेगळी आणि ‘अ‍ॅक्सिडेंट’ वेगळा. आपल्याकडे दोन्हींना मिळून एक ‘चुकून’ आहे. (‘अपघात’ आहे, पण तो म्हटला की पोलीस येतात.) बसमध्ये चुकून धक्का लागतो आणि लग्नाच्या हॉलवरून चुकून दुसऱ्याची नवी चप्पल पायात येते. माझी जुनी चप्पल चुकून कोणी घालून गेल्याचं मात्र आठवत नाही. असो. शब्द मोठ्या मनाचा आहे.

ऑक्सफर्डला जे. एल. ऑस्टिन नावाचे नीतिशास्त्राचे प्राध्यापक होते. ‘अ प्ली फॉर एक्स्क्यूजेस’ या १९५६ सालच्या निबंधाच्या तळटीपेत त्यांनी दोन गाढवं चरायला सोडली आहेत. एक माझं, एक शेजाऱ्याचं. मला माझं गाढव नकोसं होतं. मी नेम धरून गोळी झाडतो. जाऊन पाहतो, तर मेलंय शेजाऱ्याचं. ही मिस्टेक. आता नेम माझ्याच गाढवावर आहे, पण ऐन वेळी जनावरं हलतात आणि शेजाऱ्याचं मरतं. हा अ‍ॅक्सिडेंट. पहिल्यात डोळा चुकला, दुसऱ्यात गोळी. गाढवाला दोन्ही सारखंच. पण शेजाऱ्याच्या दारात उभं राहून काय बोलायचं, ते बदलतं.

हे वाचलं, आणि त्याच महिन्यात सासूबाईंची वही माझ्या हातून रद्दीत गेली. लोणच्यापासून अनारशांपर्यंतची प्रमाणं, त्यांच्या अक्षरात. सासूबाई जाऊन चार वर्षं झाली होती. रद्दीवाल्याकडे धावलो, तर टेम्पो सकाळीच गेलेला.

“अगं, चुकून गेली.”

“चुकून म्हणजे?”

मी ऑस्टिनसाहेबांचा धावा केला. मिस्टेक म्हणावी, तर ती मला माझीच हिशेबाची वही वाटायला हवी होती. अ‍ॅक्सिडेंट म्हणावा, तर ती फळीवरून घसरून गठ्ठ्यात पडायला हवी होती. दोन्ही खपलं असतं. पण खरं म्हणजे लक्ष क्रिकेटच्या स्कोअरकडे होतं आणि हात सुतळी बांधत होते. मी नेमच धरला नव्हता. ‘चुकून’च्या आडोशाला असं एक तिसरं गाढव उभं असतं.

“मी बघितलंच नाही,” शेवटी म्हणालो.

ती बराच वेळ गप्प होती. मग म्हणाली, “लोणच्याचं आठवतंय मला. घ्या लिहून.” मी लिहू लागलो. मेथीपाशी ती थांबली. किती, ते तिला आठवेना.

संध्याकाळी चहा आला, बिनसाखरेचा. मिस्टेक की अ‍ॅक्सिडेंट, हे विचारायचा धीर झाला नाही.