तारेत करंट कुठून येतो?

ऊठ. वही घेऊन ये इकडे. हे काय लिहिलंस? ‘आय ॲम अ व्हेरी एनर्जायझिंग बॉय.’ नोकरीचा अर्ज आहे हा, की ग्लुकोजच्या पुड्याची जाहिरात? साहेबाला वाटेल, पोरगा खांबावर चढून लाइन चालू करणारा वायरमन आहे!

हसू नका रे मागच्या बाकावरचे. तुमच्यातल्या चौघांनी ‘एनर्जाइज्ड बाय बर्थ’ लिहिलंय, तेही काना-मात्रेसकट सारखं. तो हिशेब नंतर.

तू रोज भुसावळहून गाडीने येतोस ना? रुळांवरच्या तारेत २५,००० व्होल्ट असतात, पाटी वाचून पाठ झाली असेल. ती तार एनर्जाइज्ड. तिने वीज केली नाही, तिला ती मिळाली. सप्लाय बंद केला की तीच तार नुसतं तांबं. म्हणजे हा शब्द कुणीतरी आणून दिलेली अवस्था सांगतो. दीपनगरला कोळसा जाळून वीज करतात, तसा जो देतो तो एनर्जायझिंग. आणि दिवसभर केळीच्या बागेत राबून संध्याकाळी तालमीत उतरणारा तुझा काका एनर्जेटिक. तो त्याचा स्वभावच. मी पहाटे मेहरूण तलावाला चक्कर मारून येतो, तेव्हा मला एनर्जाइज्ड वाटतं. मे महिन्यात भर दुपारी दोनला जळगावात कुणाला तसं वाटत असेल, तर त्याने आधी डॉक्टर गाठावा.

तुझ्या आजीला विचार. तापातून उठलेल्या पोराला पेज पाजली की ती म्हणते, आता हुशारी वाटतेय त्याला. ‘पोरगा हुशार आहे’ हे ती वेगळ्या वेळी म्हणते, तुझ्याबद्दल म्हणत असेलच असं नाही. शब्द जवळजवळ तोच, पण वाटणं आणि असणं यांत तिचा कधी घोटाळा होत नाही. माणसाला तरतरी येते, चहा तरतरी आणतो, हे घरी तूसुद्धा बरोबर बोलतोस. वहीत आलास की घसरतोस, कारण शब्द गाईडातून उचललास आणि तो कुणाला लागतो ते पाहिलं नाहीस.

मधल्या सुट्टीत माझ्याकडे ये. कटिंग पाजतो. पिऊन झाला की कसं वाटलं ते इंग्रजीत सांगायचं. पुन्हा ‘एनर्जायझिंग’ म्हणालास, तर सगळ्या मास्तरांच्या कपबश्या तुझ्याकडून विसळून घेईन.