परक्या हातांची सेवा

१९०९ सालच्या हिवाळ्यात अजिंठ्याच्या लेण्यांपाशी चित्रकारांचा मुक्काम पडला. मुक्कामाची धुरा होती क्रिस्टियाना हेरिंगहॅम या पंचावन्नी ओलांडलेल्या इंग्रज चित्रकर्तीकडे. कलकत्त्याहून नंदलाल बोस आणि असितकुमार हालदार हे तरुण आले होते. भगिनी निवेदिता आणि अवनींद्रनाथ टागोर यांनी आग्रहाने त्यांना धाडले होते. हैदराबादहून सय्यद अहमद आणि महंमद फझलुद्दीन काझी आले. काळोखी लेणी आणि त्यात वटवाघळांची घाण. अशा जागी ही मंडळी भिंतीवरच्या बोधिसत्त्वाची रेघ न् रेघ उतरवून घेत होती. बाई ख्रिस्ती, बंगाली पोरे हिंदू, हैदराबादकर मुसलमान. बौद्ध त्यांच्यात कुणीच नव्हता.

यातून एक जुना प्रश्न उभा राहतो. ज्या धर्मावर आपली श्रद्धा नाही, त्याच्या पवित्र वस्तूसाठी झिजणे ही सेवा म्हणायची की नुसती कलेची हौस? श्रद्धावान म्हणतो, भाव नसेल तर मूर्ती हा दगडच. कलावंत म्हणतो, रेघ खरी असली की पुरे. दोघांचेही म्हणणे वरवरचे नाही, म्हणून हेरिंगहॅमबाईंची गोष्ट नीट पाहायला हवी.

बाईंचा जन्म १८५२चा. वडील सधन आणि कलेचे चाहते, पती नामांकित डॉक्टर. चेनिनो चेनिनी या जुन्या इटालियन चित्रकाराचा ग्रंथ त्यांनी इंग्रजीत आणला, तो १८९९ साली प्रसिद्ध झाला. अंड्याच्या बलकात रंग कसा खलावा, फळीवर अस्तर कसे चढवावे, असले कारागिरीचे बारकावे त्यात आहेत. पण ग्रंथाची सुरुवात होते ती ईश्वर, मेरी आणि संत यांना वंदन करून, आणि त्याच ओघात चेनिनी आपल्या गुरुपरंपरेलाही नमस्कार करतो. बाईंनी हे सगळे रंग स्वतः खलून, स्वतः चित्रे रंगवून पडताळले. हाताचे काम आणि उपासना यांत पूर्वीच्या कारागिरांनी भिंत घातली नव्हती, हे त्यांना पुस्तकाइतकेच बोटांनीही शिकवले असणार.

१९०६ साली त्यांनी अजिंठा पाहिला आणि मग दोन हिवाळे तिथे काढले. मातीच्या गिलाव्यात मिसळलेला भुसा, त्यावर चुन्याचा पातळ थर, गेरू, पिवळी माती, काजळी. ही सामग्री त्यांच्या ओळखीची होती. बुद्ध ओळखीचा नव्हता. तरी त्या चेहऱ्यांपुढे त्या तासन्‌तास बसल्या.

त्यांच्या या ओढीचे धागे लांबवर गेले. १९१०च्या फेरीत त्यांच्यासोबत चित्रकार विल्यम रोथेनस्टाइन भारतात आले. पुढे कलकत्त्यात रोथेनस्टाइन यांची रवींद्रनाथांशी भेट झाली आणि त्याच ओळखीतून १९१२ साली लंडनच्या इंडिया सोसायटीने इंग्रजी गीतांजली छापली. नंदलालांच्या हातात अजिंठ्याची रेघ मुरली. भारतीय संविधानाच्या मूळ प्रतीची सजावट करणारे नंदलाल तेच.

बाईंच्या वाट्याला मात्र फार कठीण दिवस आले. १९११मध्ये परतल्यावर मनाचा तोल ढळला, कुणीतरी आपला पाठलाग करते आहे असे भास होऊ लागले. धाकटा मुलगा १९१४च्या युद्धात पडला. १९१५ साली त्यांच्या नकलांचा ग्रंथ इंडिया सोसायटीने काढला, तेव्हा त्या मनोरुग्णांसाठीच्या संस्थेत होत्या. १९२९ साली त्या गेल्या. त्यांच्या दुखण्याचा अजिंठ्याशी संबंध जोडून देवाचा कोप वगैरे बोलणे अन्यायाचे होईल. माणूस आजारी पडतो, आणि त्याचे काम त्याहून वेगळे उभे असते.

परक्या धर्माची सेवा कशी मोजायची, या प्रश्नाला जुन्नर परिसरात दोन हजार वर्षांचा इतिहास आहे. नाणेघाटातून व्यापार चाले, तेव्हा इथल्या डोंगरांत बौद्ध लेणी कोरली जात होती. या लेण्यांतल्या ब्राह्मी लेखांत यवन, म्हणजे ग्रीक किंवा पश्चिमेकडून आलेल्या, दात्यांची नावे आहेत. इरिल नावाच्या यवनाने दोन पाण्याची टाकी, म्हणजे पोढी, दिली. चिट नावाच्या यवनाने भिक्षुसंघासाठी भोजनमंडप दिला. दाता कुठला, काय दिले, कुणासाठी दिले, एवढेच दगडावर आहे. इरिलच्या मनात बुद्धाविषयी काय होते, हे कुणी कोरून ठेवलेले नाही. संघाने त्याचे दान घेतले आणि लेण्याजवळच त्याचे नाव राहू दिले. उन्हातून डोंगर चढून आलेल्या भिक्षूची तहान त्या पाण्याने भागली, हे नक्की.

आता भीमाशंकर घ्या. आंबेगावच्या सीमेलगतच्या या ज्योतिर्लिंगापाशी, शनिमंदिरासमोर, एक मोठी घंटा आहे. १७३९ साली चिमाजी अप्पांनी पोर्तुगीजांकडून वसई जिंकली, तेव्हा चर्चच्या ज्या घंटा मराठ्यांच्या हाती आल्या, त्यांपैकी ही एक. इथेही एका धर्माची वस्तू दुसऱ्याच्या अंगणात आली, पण देणाऱ्याने ती दिली नव्हती. ती वाजवणाऱ्या भक्ताचा भाव खरा असतो, त्याबद्दल शंका नको. पण भाव खरा म्हणून ती घंटा दान ठरत नाही. इरिलच्या मनातले आपल्याला कळत नाही, तरी त्याची पोढी दानच ठरते.

मग कसोटी कोणती? नुसते प्रेमही पुरत नाही, हे अजिंठ्यानेच दाखवले आहे. हेरिंगहॅमबाईंच्या आधी तिथे नकला करणाऱ्यांनी चित्रे उजळ दिसावीत म्हणून त्यांवर वॉर्निश फासले. हेतू वाईट नव्हता, पण तो थर पिवळा पडला आणि मूळ रंग झाकले गेले. त्यांच्या मनात कौतुक होते, भिंतीच्या उद्याचा विचार नव्हता. म्हणून वारसदार कोण, हे ठरवताना श्रद्धा आणि कौतुक दोन्हींच्या आधी एक गोष्ट पाहावी: त्या माणसाच्या हातून ती वस्तू पुढच्यापर्यंत धडपणे पोहोचली का? या हिशेबात ख्रिस्ती बाई, मुसलमान चित्रकार आणि यवन दाते हे त्या लेण्यांचे परके ठरत नाहीत. धर्म त्यांचा नव्हता, जबाबदारी त्यांनी घेतली.

जुन्नरजवळच्या लेण्याद्रीला आज हीच जबाबदारी आपल्यावर आहे. गिरिजात्मज गणपतीचे स्थान ज्या सातव्या लेण्यात आहे, ते मुळात भिक्षूंचा विहार. सभागृहाभोवतीच्या वीस खोल्यांत एके काळी भिक्षू राहत. शेजारचे सहावे लेणे हे चैत्यगृह, कल्याणच्या सुलसदत्ताचे दान. गणपतीचा भक्त आणि बुद्धाचा उपासक दोघेही त्याच पायऱ्या चढतात, आणि दोघांनाही तो डोंगर आपला वाटतो. तसे वाटण्यात गैर काही नाही. पण भिंतींवर खडूने, खिळ्याने नावे लिहिणारेही याच पायऱ्या चढून येतात. दर्शनाला जाणाऱ्याने शेजारच्या चैत्यगृहातही जरूर डोकवावे, सुलसदत्ताचा लेख हात न लावता पाहावा, आणि सोबतच्या मुलांना तिथे काय कोरले आहे ते सांगावे.