ज्याची पाटी लागत नाही असं दान

सातारा-सांगली भागात शाळेसाठी झोळी पसरावी आणि ती रिकामी राहावी, असं सहसा होत नाही. कर्मवीर भाऊराव पाटलांच्या बोर्डिंगातल्या मुलांसाठी त्यांच्या पत्नी लक्ष्मीबाईंनी अंगावरचे दागिने मोडले, घराघरांतून मूठमूठ धान्य जमलं. सांगलीत १९४७ साली निघालेल्या इंजिनिअरिंग कॉलेजला उद्योगपती वालचंदांचं नाव लागलं तेही देणगीतूनच. संशोधनासाठी मात्र असा हात सैल सुटताना मला क्वचितच दिसतो. हा कंजूषपणा नव्हे. वर्गखोली बांधली की तिच्यावर आईवडिलांच्या नावाची पाटी लागते. दहा वर्षांनी हाती काय येईल, हे संशोधकालाही सांगता येत नाही. मग देणाऱ्याने कशाकडे बघून द्यायचं?

फलटणच्या मेंढीकडे बघून द्यावं, असं मला वाटतं. बनबिहारी निंबकरांनी १९६८ साली तिथे निंबकर कृषी संशोधन संस्था काढली, नफ्यासाठी नव्हे. दख्खनी मेंढी एका वेताला बहुधा एकच कोकरू देते. सुंदरबनातली गॅरोल मेंढी अंगाने इवलीशी, पण तिला जुळी-तिळी होतात. तेवढा एक गुण दख्खनी मेंढीत उतरवायचा, असं निंबकरांनी मनावर घेतलं. १९९०च्या दशकात गॅरोल मेंढ्या फलटणला आल्या. मग संकर करायचा, माद्या वाढून विण्याची वाट बघायची, त्यांतल्या निवडायच्या, पुन्हा संकर करायचा. गॅरोलचं खुजं अंग नको होतं, जुळ्यांचं जनुक तेवढं हवं होतं. त्या जनुकातला नेमका बदल शास्त्रज्ञांच्या हाती लागला २००१ साली. त्यानंतर रक्त तपासून कोणत्या कोकरात तो उतरला आहे, हे कळू लागलं. त्याआधी मेंढी व्यायल्यावरच उमगायचं. यातून ‘नारी सुवर्णा’ तयार झाली आणि धनगरांच्या कळपांत गेली.

पुढे या कामाला ऑस्ट्रेलियाच्या सरकारी निधीची साथ मिळाली. पण सरकारी प्रकल्पाला मुदत असते, आणि मेंढीच्या पिढ्या त्या मुदतीत बसत नाहीत. प्रकल्प सुरू होण्याआधी आणि संपल्यावरही कळपाला चारा लागतोच. तो चारा घालणारं कुणीतरी हवं. माझ्या लेखी खरा दाता तो.

साखर कारखान्यांनी एकत्र येऊन १९७५ साली ऊस संशोधनाची संस्था उभी केली. आज ती सांगलीच्या वसंतदादांच्या नावाने चालते. ते मोठंच काम आहे, पण तिथे ऊसवाल्याने उसासाठी पैसा घातला. धनगराकडे घालायला पैसा नव्हता, आणि त्याने मागितलंही नव्हतं.

सांगलीच्या हळदपेठेत, तासगावच्या बेदाण्याच्या व्यापारात पैसा आहे. तिथल्या एखाद्या घराने एका तरुण संशोधकाचा दहा वर्षांचा पगार उचलावा. विषय हळदीचा किंवा द्राक्षाचा नसावा. जत-आटपाडीच्या कोरडवाहू रानाचा असावा, तिथल्या शेळ्या-मेंढ्यांच्या रोगांचा असावा. आणि दर मार्चला त्याला बोलावून, यंदा काय निघालं, असं विचारू नये.